माझ्या वजनाचं समीकरण

...अहो, दोनच बिंदू! तुम्हाला सांगतो, दहा नाही, चार नाही, दोन बिंदूंवरून माझ्या मुलीनं माझं भविष्य काढलं, आणि बायकोनं ते फ्रिजवर चिकटवलं, आता बोला!

मुलीला गृहपाठ होता, घरातल्या कशाचेही दोन आकडे घ्या आणि रेषेचं समीकरण काढा. घरात आकड्यांना काय तोटा आहे? विजेचा मीटर आहे, आजीचं ब्लडप्रेशर आहे... पण नाही, हिला बापाचं वजन दिसलं! शून्याव्या आठवड्यात चौऱ्याऐंशी, दुसऱ्या आठवड्यात ब्याऐंशी. झालं, बसली वही उघडून. वजनातला फरक वजा दोन, आठवड्यांतला फरक दोन, भागाकार वजा एक, हा म्हणे रेषेचा चढ. आणि सुरुवात चौऱ्याऐंशीला, म्हणून वजन बरोबर चौऱ्याऐंशी वजा आठवडे. मी म्हटलं, बाळा, चढ म्हणतेस आणि खाली काय चाललीयेस? तर म्हणे, चढ वजा आहे.

आता बाराव्या आठवड्यात लग्न कोणाचं? मेव्हणीचं! मी थोरला जावई, फोटोत मधोमध. बायकोनं आठवड्यांच्या जागी बारा घातले, बहात्तर किलो आले, आणि सूट शिवायला मला थेट शिंप्याकडे नेलं. तो बिचारा गळ्यात टेप घालून म्हणतोय, साहेब समोरच आहेत, माप घेतो की. तर ही म्हणते, "आजचं माप काय करायचंय? बाराव्या आठवड्याचं शिवा." दोनच बिंदू हो...

तुम्ही म्हणाल, मग तू तोंड का नाही उघडलंस? कसं उघडू? तो ब्याऐंशीचा बिंदू आहे ना, ते बायकोनं लावलेलं पथ्य नव्हतं, ऑफिसच्या कँटीनमध्ये गुपचूप हाणलेलं बाधलं होतं! तीन दिवस मी कुठे बसून होतो ते विचारू नका. पण सासूबाईंनी फोनवर कौतुक केलं, बायको शेजारणीला सांगत सुटली, आणि मीही निर्लज्जासारखी शाबासकी घेतली.

मधे वजन करावं? समीकरण असताना काटा कोण बघतो! सूट घालून बघावा? छे, समीकरणाप्रमाणे तो आधी बसणारच नव्हता! लग्नाच्या सकाळी घातला, तर पँट मांडीला अडली ती अडलीच. काट्यावर उभा केला, सत्त्याऐंशी. मग सगळं कबूल केलं, कँटीनसकट. बायको ओरडली नाही हो, ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "फोटोला मागच्या रांगेत उभे राहा." लागलं मनाला. मी मागे, जुन्या स्वेटरात, आणि पुढे मधोमध कोण? आमचे साडू, दुसऱ्या नंबरचे जावई. माझ्या सुटात! मापात बसला त्यांना.

घरी आल्यावर मुलीला म्हटलं, चुकली ना तुझी रेषा? तर वहीतून मान वर न करता म्हणते, "रेषा बरोबर आहे, बाबा. तुम्ही तिच्यावर नाही."

आणि लगेच नवी काढली! दुसऱ्या आठवड्यात ब्याऐंशी, बाराव्यात सत्त्याऐंशी, दहा आठवड्यांत पाच किलो, चढ अर्धा. भाच्याचं लग्न पन्नासाव्या आठवड्यात, म्हणजे एकशे सहा किलो. बायकोनं शिंप्याला मापसुद्धा कळवलं. पुन्हा दोनच बिंदू हो... पण म्हटलं असू दे, ह्या रेषेवर राहणं मला जमेल.