देवाला सांगितलेली राई

मंडळी, एक विचारतो. माणूस जिवंत असेपर्यंत म्हणतो, "या झाडाला हात लावायचा नाही!" लोक ऐकतात. पण तो गेल्यावर? तो नकार किती दिवस टिकतो हो?

ऐका तर. कोकणातलं एक गाव. नाव सांगत नाही, तुमचेच सोयरे निघायचे! तिथं सत्यभामाकाकू घाडी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, नावावर चार एकर राई. बेहड्याच्या ढोलीत धनेशाचं घरटं, खाली बारमाही झरा, अख्खी वाडी त्याच पाण्यावर! आणि वारस? पुतण्या चंद्रहास. म्हणाला, "काकू, तुझ्यामागं इथं रिसॉर्ट बांधणार." तोंडावर म्हणाला! प्रामाणिक हो बिचारा!

काकूचं धाबं दणाणलं. देवळात धावली. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही राय तुझी केली, हिका कोणी कोयतो लावूचो नाय!" गाव ओरडलं, "व्हय म्हाराजा!"

झालं! काकू निर्धास्त घरी निघाली. पण वाटेत थबकली. शेजारची राई सासऱ्यांनी अशीच देवाला सांगितली होती. आज तिथं काय? चिरेखाण! उलट्या पावली गुरवाकडं. "अरे, देवानं तेव्हा ऐकलं नव्हतं का?"

"ऐकलं की! पण काकू, तलाठ्याला कुणी सांगितलं?"

वकिलाकडं गेली. "मृत्युपत्रात राई चंद्रहासला देते, पण तोडू नको असं लिहिते."

"लिहा. तुमच्यामागं तो विकेल, तेव्हा त्याला अडवणार कोण?" वकील म्हणाला. "जंगल राखणारी एक संस्था आहे. तिला दानपत्र करा. तोड नाही, बांधकाम नाही, अशा अटी घाला. नोंदणी करा, सातबारावर चढवा. पण काकू, अंगठा उठवलात की मालकी गेली. उद्या तुम्हालाही फांदी तोडता यायची नाही."

आता बोला! चंद्रहासचे हात बांधायला निघाली होती, आणि दोरी आली स्वतःच्या मनगटाला! चाळीस वर्षं त्याच राईतल्या लाकडांवर चूल पेटली होती. तिला रडू आलं. "माझं म्हणून दुसरं काय आहे हो?"

तरी गेली. नोंदणी कचेरीत साहेबांनी विचारलं, "बाई, परत मागता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय म्हणूनच आलेय," काकू म्हणाली, आणि अंगठा उठवला.

मंडळी, माना छान डोलावल्यात! आता तुमचं. कुणाची देवराई, कुणाची तळ्याकाठची पड जमीन, "आम्ही आहोत तोवर राखू" म्हणता ना? उद्या सोमवार. कचेरी दहाला उघडते. कोण कोण येतंय? अहो, हात वर करा म्हटलं, चपला कशाला शोधताय!