हिवराच्या आतलं

न्हाय अप्पा, पुस्तकं बी तुमीच न्या. दानेश्वरीताईचं हितं एवढंच निघालं बगा – वह्या, ॲप्रन, डबा. डबा मी घासून ठिवलाय. बसा की. मगाशी तुमी सरांना विचारत हुता – पोरगी त्या रविवारी परत वळसंगच्या वाटेला कशाला गेली, फांद्या तर आधीच आणल्या हुत्या. सर म्हणले, ठाऊक न्हाय. त्यांना खरंच ठाऊक न्हाय.

मी जोतिराम, ह्या लॅबचा शिपाई – तीस वर्षं काचा धुतोय. ताई पैल्यांदा हिवराची फांदी घिऊन आली तवा मी हसलो – अपशकुनी म्हणून हिवराखाली कोण बसत न्हाय, आन ही कॉलेजात आणती. मग तिनंच समजावलं – काका, झाडाच्या आत बी बुरश्या, जंतू ऱ्हात्यात, झाडाला तरास न्हाय, उलट राखणच करत्यात, औषधावानी कायतरी तयार करत्यात. फांदी स्पिरिटात धुवायची, बाहेरचं समदं मारायचं, मग तुकडा प्लेटीत ठिवायचा – आता उगवंल ते आतलं. दोन वर्षं तेच करत बसली. का, तर तुमची डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली, तुमी आपल्या हातानं झाडं उपटली – ते तिनं बगितलं हुतं. आन एक दिवस मला वढतच न्हेलं. प्लेटीत तेल्याचं जंतू पसरल्यालं, मधी काळी बुरशी, आन तिच्याभवती गोल मोकळं – तितं तेल्या शिवलाच न्हवता. अप्पांना इतक्यात सांगायचं न्हाय म्हणली, पक्कं झाल्याबिगर न्हाय.

पक्कं करायलाच बावीस प्लेटा लावल्या हुत्या, मूळची बुरशी बी त्यातच. शनिवारी सकाळी मी ते उबवायचं कपाट साफ केलं. आता आमच्याकडं कसं हाय – प्लेटीला बुरशी आली म्हंजे प्लेट बिघडली, टाकायची. तीस वर्षं तेच, हात आपोआप चालतोय. बावीसच्या बावीस वाफंच्या कुकरात घातल्या, शिजवल्या. नावं हुती की वर, तिच्या अक्षरात – मी वाचली न्हाईत. ताई आली, रिकामं कपाट बगितलं – रागावली न्हाय वो. रागावली असती तर बरं झालं असतं. सरांना म्हणली, माज्याच हातनं गेलं. मला म्हणली, काका, झाड हाय की तितंच, उद्या जाऊन आणते.

म्हणून गेली. माज्यामुळं गेली, अप्पा. समदे त्या ट्रकवाल्याचं नाव घेत्यात, माजं कोण घेत न्हाय.

हे बगा – पोलिसांकडनं तिची पिशवी आली, तीत फांद्या हुत्या, सुकल्याल्या. मीच धुतल्या, ती धुवायची तशा. शिपायानं करायचं काम न्हवं ते, पर केलं. बारा तुकडे लावले, अकरात काय न्हाय. ह्या एकात आलंय – काळं, कडंला पांढरं. तीच हाय का, मला सांगता येत न्हाय. सरांना दाखवायची तर समदं सांगावं लागंल – पैलं तुमाला सांगावं म्हणलं.

झाकण काढू नका, अप्पा. वरनंच बगा.

शिव्या द्या मला.

बरं. घिऊन बसा तुमी. मी बाहेर थांबतो.