बिडाचा की नळ्यांचा?

कुशाबा : ते नळ्यांचं धूड नको म्हणतोय ना मी, गनीभाई! ओतीव बिडाचा मॅनिफोल हाय, त्योच बसव. पुण्याच्या जुन्या बाजारातनं तूच हुडकून आणलास. माझ्या गाडीच्याच जातीचा हाय, नटबोल्ट सरळ बसत्यात. बसव आन् मोकळं कर मला.

गनी : बसवतो की. पण आधी हे बघ. तुझा जुना मॅनिफोल फुटलाय, हे तुला कधी कळलं?

कुशाबा : काल. फटफट आवाज याय लागला तवा.

गनी : आवाज काल आला. चीर जुनी हाय. किती काळी पडलीय बघ. इंजनातला समदा धूर ह्या लोखंडात गोळा होतो आणि खालनं सायलेन्सरला जातो. आणि तुझी चीर पडलीय बरोबर केबिनीच्या अंगाला.

कुशाबा : म्हणून तर बदलतोय ना! आरं, पोरगी जया तिकडं माले गावात सासरी तळमळतीया. डाक्टर सकाळी म्हणला, मूल आडवं हाय, कळा सुरू व्हायच्या आत पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. यष्टी निघून गेली, दुसरी थेट उद्या. ह्या पट्ट्यात माझी मिलिटरीतली पिकप सोडली तर दुसरी गाडी न्हाई. आन् तू मला चिरा दाखवत बस!

सगुणाबाई : अवं, वरडू नका त्यांच्यावर. वरडून पाना लवकर फिरतुया व्हय?

कुशाबा : तू गप बस गं. तुला ह्यातलं काय कळतंय?

गनी : वरडू दे वहिनी, बापाचं काळीज हाय. कुशाबा, माझं ऐक. हा नळ्यांचा मी स्वतः बांधलाय. चार नळ्या, नवं लोखंड.

कुशाबा : आन् आवाज? हैबतरावाकडं असलीच गाडी हुती तवा त्याच्यासाठी बांधलास, त्यानं एक दिस लावून परत का टाकला? तोफखाना चालल्यागत गाडी वाजाय लागली. बाजारच्या दिवशी बैल उधळलं, एक गाडी पार चिखलात गेली. आमची विहीणबाई सारजाबाई कशी तोंडाळ हाय ठावं हाय ना तुला? पोटुशी बाईला दचकवता म्हणून दारातनंच मला परत लावंल.

गनी : लावू दे की.

कुशाबा : लावू दे की म्हणं! माझ्या केबिनीचं नाव हाय सगळ्या मुळशीत. दारांच्या जागचं पडदं सोडलं की माणूस पाळण्यात घातल्यागत झोपतंय. त्याच सारजाबाईला मागल्या महिन्यात पुण्याला नेली, वाटंतला एक खड्डा कळला न्हाई तिला. उतरवताना तोंडावर पाणी मारावं लागलं, अशी झोप!

सगुणाबाई : थांबा जरा. पाणी मारावं लागलं?

कुशाबा : व्हय की.

सगुणाबाई : हे मला न्हाई सांगितलंत.

कुशाबा : त्यात काय सांगायचं? दमलेली बाई, झोपली.

सगुणाबाई : आन् उठल्यावर?

कुशाबा : वकली. डोकं ठणकतंय म्हणाली. गाडी लागली असंल.

सगुणाबाई : भिकूभावजी गेलं हुतं तुमच्यासंगं तांदूळ घेऊन. ते?

कुशाबा : त्यो तर निघाल्यापास्नं घोरत हुता. त्याचं बी... त्याचं बी डोकं दुखलं म्हणा.

सगुणाबाई : अगं आई गं! शेगडी!

कुशाबा : कसली शेगडी? काय झालं हिला?

सगुणाबाई : बाळंतिणीच्या खोलीत शेकाला कोळशाची शेगडी ठेवतो का न्हाई आमी? वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावतो, पण एक फट ठेवायचीच ठेवायची. न्हाई ठेवली की बाळंतीण गुंगती, तान्हं बी गुंगतं. ठसका न्हाई, वास न्हाई, नुसती झोप येती. साळूबाईच्या सुनंला आमी चौघींनी तशीच उचलून अंगणात आणली हुती, म्हणून वाचली. अवं, तसलाच धूर शिरतोय तुमच्या केबिनीत! आन् ते पडदं म्या शिवल्यात. माझ्या हातानं! कुटं फट राहू नये म्हणून दुहेरी घडी घालून शिवल्यात!

कुशाबा : काय बी बोलतीस. मंग मी कसा न्हाई झोपलो इतक्या दिसात?

सगुणाबाई : तुमच्या अंगाचा पडदा तुमी कधी सोडता? हात दाखवायला उघडाच असतुया.

कुशाबा : गनीभाई... खरं का रं हे?

गनी : वहिनी बरोबर बोलतात. बंद गॅरेजात इंजन चालू ठेवून माणूस गेल्याचं मी खडकीला ऐकलं हुतं. ऐकलं आणि सोडून दिलं बघ. तुझी गाडी इतक्या खेपा माझ्या हाताखालनं गेली, पण आतल्या माणसाचं डोकं दुखतं का, हे मी कधी इचारलं न्हाई.

कुशाबा : म्हंजे काल आवाज आला नसता तर मी जयाला... पोटात लेकरू, आन् मी तिला ह्यात घालून, पडदं बांधून... नको. पडदंच नकोत! फाडून टाका. उघडी नेतो पोरीला.

सगुणाबाई : ह्या झडीत? तिच्या अंगात ताप हाय. भिजून थंडी भरली तर दवाखान्याच्या दारापातुर तरी पोचंल का? ते न्हाई व्हायचं. गनीभावजी, तो बिडाचा जरा दोरीला अडकवून अधांतरी धरा बघू.

गनी : काय करताय वहिनी?

सगुणाबाई : कुंभाराकडनं मडकं घेताना काय करतो? तेच. द्या तो पाना हिकडं. ऐका... बद्द वाजलं. परत ऐका.

गनी : एका जागी टाका मारलाय त्याला, वेल्डिंगचा. मी सांगणारच हुतो, पण हा काय ऐकून घेतोय? बीड तापलं की टाक्याच्या शेजारी पुन्हा तडकतं. तडकंलच असं न्हाई. पण तडकलं, तर ह्या पावसात तुला ऐकू बी येणार न्हाई.

कुशाबा : आन् तुझा नळ्यांचा? त्यो तर सगळाच जोडकाम! त्यातनं धूर गळणार न्हाई, हे सांग छाती ठोकून.

गनी : लोखंडाची नळी बिडासारखी तडकत न्हाई, एवढं सांगतो.

कुशाबा : छाती ठोकून सांग म्हणलं!

गनी : न्हाई सांगत. जोड मी मारलेत, पण जोडाच्या पोटात काय हाय ते मला दिसत न्हाई. माझी लेक असती तरी मी छाती ठोकली नसती, कुशाबा.

कुशाबा : मंग मी काय करू रं? एकात मरण हाय, दुसऱ्यात असंल कदाचित. आन् घरी ठेवली तर... माझं डोकंच चालंना झालंय.

सगुणाबाई : नळ्यांचा बसवा. पडदं चारी अंगानं बांधा, तुमच्या बाजूचा बी. इंजन चालू करा. मी आत बसते.

कुशाबा : याड लागलं का तुला?

सगुणाबाई : भात शिजायला लागतो तेवढा येळ बसते. गुंगी आली तर कळंल. न्हाई आली तर पोरीला आणायला जाऊ.

गनी : वहिनी, काम माझं हाय. मी बसतो.

सगुणाबाई : तुमी आत गुंगलात तर पुन्हा नट कोण आवळणार? आन् हे गुंगलं तर गाडी कोण हाकणार? राहिलं कोण मंग? चला, बसवा बिगी बिगी.

(नळ्यांचा बसला. पौडाच्या बाजारपेठेत ती गाडी अशी काही गरजली की समोरच्या हाटेलातली माणसं कपबशा हातात धरून दारात आली. सगुणाबाई पदर खोचून आत शिरली, पडदे गच्च बांधले गेले, आणि बाहेर भर पावसात कुशाबा पडद्याला कान लावून उभा राहिला.)

कुशाबा : ए जयाची आय! बोलत राहा गं! एकसारखी बोल!

सगुणाबाई : काय बोलू?

कुशाबा : काय बी बोल!

सगुणाबाई : लगीन झाल्यापास्नं गप बस, गप बस म्हणताय, आन् आता बोल म्हणताय व्हय?

कुशाबा : चुकलं माझं! बोल!

सगुणाबाई : जया झाली तवा बी असंच भिजत हुता दारात. आत या म्हणलं तर आला न्हाईत. दाराआडनं इचारलंत, हाय का बरी? म्या म्हणलं, कोण, ती का मी?

कुशाबा : आन् मी म्हणलो दोघी! ध्यानात हाय मला! वास येतोय का गं?

सगुणाबाई : नव्या लोखंडाचा येतोय. तवा पहिल्यांदा तापल्यावर येतो, तसला.

गनी : ते तेल जळतंय नळ्यांवरचं, जाईल. वहिनी, डोळ्याम्होरं अंधारी?

सगुणाबाई : पडद्याचाच अंधार हाय, दुसरी कुठली येणार? अवं, विहीणबाईनं काय काढलंच तर तुमी तोंड उघडू नका, मी बघते. आन् पोरीला सांगायचं न्हाई हे समदं. ती आधीच भ्याली हाय. दवाखान्यात पोट फाडत्यात म्हणून कुणीतरी घातलंय तिच्या डोक्यात. तिला म्हणायचं...

कुशाबा : काय म्हणायचं?... अगं, काय म्हणायचं?... जयाची आय!

गनी : वहिनी!

कुशाबा : गप झाली. गनीभाई, गप झाली ती! ए! आवाज दे गं!

गनी : इंजनाच्या आवाजात ऐकू आलं नसंल.

कुशाबा : मगाधरनं ऐकू येत हुतं की! सगुणा! सगुणा! ही गाठ... आरं, ही गाठ सुटंना, भिजून फुगलीया. सगुणा!

गनी : हो बाजूला. चाकू हाय. पडदा गेला चुलीत! इंजन बंद कर, पळ! वहिनी! वहिनी, डोळं उघडा!

सगुणाबाई : उघडलं की. पडदा कशाला कापलात? आता शिवणार कोण?

कुशाबा : सगुणा! अगं... अगं, तू गप का झालीस?

सगुणाबाई : भर बाजारात नाव घेऊन काय वरडताय? माणसं बघत्यात.

कुशाबा : बघू देत! मी म्हणलं ना, बोलत राहा म्हणून? जीव गेला हुता माझा!

सगुणाबाई : बोलत राहिलं की माणूस जागंच राहतुया. जया काय वाटभर बोलणार हाय? तापानं गळालेली पोर, कोपऱ्याला टेकून डोळं मिटणार. म्हणून म्या बी टेकले आन् डोळं मिटलं. बघावं म्हणलं, झोप येती का.

गनी : आन्?

सगुणाबाई : न्हाई आली.

कुशाबा : डोकं? मळमळ?

सगुणाबाई : काय न्हाई.

कुशाबा : मंग भ्या न्हाई वाटलं व्हय गं तुला?

सगुणाबाई : वाटलं की. चालू करा गाडी.