वरच्या खोलीचा वापर

जबाब
दि. २९/०५/२०२४, सायंकाळी ७.५० वा.

मी, प्रभा नारायण मोहोळकर, वय ६३ वर्षे, धंदा: निवृत्त शालेय लिपिक, रा. घर क्र. १४, शिक्षक वसाहत, सात रस्त्याजवळ, सोलापूर. घरात मी, मुलगा अथर्व व सून असे तिघे राहतो.

समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, आज दुपारी मी घरी नसताना शेजारी अमृत रावजी बिराजदार, वय ३४, हा माझ्या वरच्या खोलीची काच फोडून, दार उघडून आत शिरला. त्याची आई जगदेवी हीदेखील मागोमाग आत गेली. दोघांविरुद्ध माझी तक्रार आहे.

माझे पती कै. नारायण व जगदेवीचे पती कै. रावजी एकाच शाळेत शिक्षक होते. त्यांनी १९९४ साली एकाच गवंड्याकडून, एकाच नकाशावर घर क्र. १४ व १५ ही घरे बांधली. मधली भिंत सामाईक आहे. २०१९ साली अथर्वच्या लग्नासाठी आम्ही गच्चीवर खोली काढली. वेगळा जिना, वेगळे वीज मीटर, सागवानी पलंग. सहा महिन्यांत जगदेवीनेही आमचे पाहून तशीच खोली काढली, खिडकीचे गजसुद्धा आमच्यासारखेच. तिच्या वरच्या खोलीत अमृत, त्याची बायको श्रीदेवी व तीन वर्षांची मुलगी राहतात. चार दिवसांआड नळाला पाणी येते, त्या पाण्याच्या दिवशी श्रीदेवी खालचे-वरचे सगळे भरते, जगदेवीला बादली उचलावी लागत नाही. हवालदार मॅडम म्हणाल्या, याचा तक्रारीशी काय संबंध. संबंध आहे, म्हणून लिहून घ्यावे असे मी सांगितले.

जानेवारीत मी टेंभुर्णीला बहिणीकडे गेले होते. खालची किल्ली जगदेवीकडे होती. त्या दिवसांत महापालिकेच्या घरपट्टीच्या फेरआकारणीसाठी मोजणीच्या बाई वसाहतीत आल्या. जगदेवीने त्यांना माझे खालचे घर उघडून दाखवले आणि वरच्या खोलीबद्दल न विचारता सांगितले, "तितं कुणी ऱ्हात न्हाय, बंदच असतंय." उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यावरून त्या बाईंनी कागदावर लिहिले, वरची खोली: अडगळ.

एप्रिलमध्ये नोटिसा आल्या. अडगळीचा दर कमी असल्याने माझ्या घराचे करयोग्य मूल्य कमी निघाले, जगदेवीचे जास्त. तिच्या कागदावर होते, वरची खोली: निवासी, पूर्ण वापरात. ती फाटकात उभी राहून नोटीस हलवत म्हणाली, "लई वाढवलंय बघा की, प्रभाताई. तुमचं बरं हाय." वसाहतीतल्या चारचौघांनी ऐकले. माझ्या पोटात दुखले हे मी कबूल करते. पूर्ण वापरात हे दोन शब्द तिच्याकडे होते आणि ती त्यांचीच तक्रार करत होती.

हरकतीला एकवीस दिवसांची मुदत होती. मी चौथ्या दिवशी अर्ज दिला की, माझी खोली निवासी धरून कर वाढवावा. खिडकीवरचे लिपिक म्हणाले, "बाई, कमीच्या जागी वाढवा लिहिलंय तुम्ही." मी म्हटले, तीस वर्षे लिपिक होते, काय लिहिते ते मला कळते. ६ मे रोजी सुनावणी झाली. रांगेतले सगळे कर कमी करून घ्यायला आले होते. माझा नंबर आल्यावर साहेबांनी चष्मा काढून अर्ज पुन्हा वाचला आणि विचारले, "वर कोण राहतं?" मी सांगितले, मुलगा आणि सून. ते म्हणाले, वरच्या मीटरचे बिल आणि राहणाऱ्यांचा काहीतरी कागद आणा. पुढची तारीख ११ जून मिळाली.

वरच्या मीटरचे बिल महिना चार युनिटचे येत होते. अथर्वचे आधारकार्ड पुण्याच्या पत्त्याचे आहे.

सबब ७ मेपासून मी वरचा दिवा, पंखा व कूलर दिवसभर चालू ठेवू लागले. अथर्वचे दोन जुने शर्ट रोज भिजवून गच्चीवर वाळत घातले. तिसऱ्या दिवशी जगदेवीने भिंतीवरून विचारले, "अथर्व आलाय व्हय?" मी म्हटले, हो, दोघेही आलेत, तो घरूनच काम करतो, रात्री जागतो आणि दिवसा झोपतो. तिला फार आनंद झाला. संध्याकाळी तिने शेंगापोळ्या पाठवल्या, तिघांच्या. मी डबा घासून परत करताना म्हटले, अथर्वला आवडल्या. ते वाक्य बोलताना मला जितके बरे वाटले तितके गेल्या चार वर्षांत वाटले नव्हते.

आज दुपारी साडेबाराला मी बँकेत गेले. पाण्याचा दिवस उद्या असल्याने कूलरमध्ये पाणी नव्हते. तो कोरडाच चालून त्याची मोटर जळाली व गवताच्या जाळीने पेट घेतला. दीडच्या सुमारास मी परतले तेव्हा वसाहत गोळा झाली होती. जगदेवी माझ्या जिन्यात अनवाणी उभी राहून ओरडत होती, "अथर्वा, उठ की रे बाळा! दार उघड!" दाराला ओढले की आपोआप लागणारे लॅच आहे, बाहेर कुलूप दिसत नाही, त्यामुळे आत कोणी आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. मी गर्दीतून फाटकाशी पोचेपर्यंत अमृतने काच फोडली, फुटल्या काचेतून हात घालून लॅच काढले आणि धुरात शिरला. लोकांनी नंतर सांगितले की, तो न्हाणीघरात व पलंगाखालीसुद्धा हात फिरवून आला. त्याच्या तळहाताला सहा टाके पडले आहेत.

मी वर पोचले तेव्हा आग विझली होती. जगदेवी पलंगाजवळ उभी होती. पलंगावरच्या गादीचे दुकानातले प्लॅस्टिक अजून काढलेले नाही. लग्नानंतर अथर्व व सून दोन दिवस आले होते, तेव्हा वर उकडते म्हणून खाली झोपले. त्यानंतर आलेले नाहीत. कपाटाच्या दारालाही दुकानाचे कागदी लेबल तसेच आहे. जगदेवीने गादीवर हात ठेवला, प्लॅस्टिक वाजले. तिने माझ्याकडे पाहिले आणि मेन स्विच बंद करून खाली गेली. तिने भांडण काढले असते तर मी दोन शब्द ऐकवले असते.

मॅडमनी विचारले, काय चोरीला गेले. काही नाही. मग तक्रार कशाची? मी सांगितले की, ती खोली मी कुणाला दाखवत नव्हते.

सायंकाळी सातला जगदेवीने श्रीदेवीच्या हाती ताट पाठवले. दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ, शेंगाचटणी. एका माणसाचे. ताट झाकून ठेवून मी तशीच ठाण्यात आले. तिला नातवंड आहे, सून आहे, हाक मारल्यावर ओ देणारा मुलगा आहे, याचा मला हेवा वाटतो आणि पाच वर्षे वाटत आला आहे. माझ्या मुलासाठी हात कापून घेणारासुद्धा तिचाच मुलगा निघाला. मी बाहेर पडले तेव्हा अमृत ओट्यावर बसला होता. एवढे होऊनही त्याने मला विचारले, "काकू, तुमाला कुटं लागलं तर न्हाय न्हवं?"

काच व लॅचचा खर्च मी करीन. बिराजदार यांच्याविरुद्ध माझी आता काही तक्रार नाही.

हा जबाब मॅडम अर्शी शेख, महिला पोलीस हवालदार, यांनी मला सावकाश वाचून दाखवला. वर "अथर्व व सून असे तिघे राहतो" असे लिहिले आहे, ते खोडून "मी एकटी राहते" असे करण्यास मी सांगितले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. राहणाऱ्यांचा कागद म्हणून ११ जूनच्या सुनावणीला लावण्यासाठी या जबाबाची प्रत मी आल्याबरोबर मागितली होती. ती आता नको. बाकी मजकूर बरोबर आहे.

(सही) प्रभा ना. मोहोळकर