तळ्यातला लाल ठिपका

हे मी सांगायचं नव्हतं, काका — आत्यानं बजावलंय, गिऱ्हाईक आलं की पाणी द्यायचं आणि तोंडाला कुलूप. पण तुम्ही त्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलंत, म्हणालात चित्राचा जीव इथंच आहे, बाबा वर आले की विचारतो — म्हणून बोलतेय. ते नका विचारू.

इतक्या जवळून नाही, जवळून नुसते फराटे दिसतात. दारापाशी या, डोळे किलकिले करा — बाबा असंच बघायचे. शेत बघायचं नाही, पिवळा बघायचा. माणूस रंगवायचा नाही, ठिपका रंगवायचा, तोही ऊन सरकायच्या आत. आता दिसलं? शेत, बांध, तळं — आणि पाण्यात लाल. प्रतिबिंब म्हणता? मग वर काठावर मुलगा नको का?

होता. बांधाजवळ बघा, हिरव्यात लालसर पुसट — चिंधीनं पुसलंय. आमचा टिल्लू, माझा धाकटा भाऊ. पायांना चाकं लावलेली, एका जागी थांबेल तर शपथ. गोळ्या कबूल करून बाबांनी त्याला काठावर उभा केला, लाल सदऱ्यात. मी शाळेत होते. बाबा म्हणतात, चित्र संपवून ते ब्रश पुसायला झाडामागे गेले, तेवढ्यात तो घसरला. खोटं नाही बोलत हं — त्यांना तसंच वाटतं. तेव्हापासून चित्र भिंतीकडे तोंड करून होतं, त्यांनी परत पाहिलं नाही. मी पाहिलं. ठिपका हलला, पोरगं ऐकतच नाही, असं पुटपुटले असतील — वरचा पुसला, खाली लावला. तैलरंग चटकन वाळत नाही ना, खालचा निळा ओलाच होता, बघा, लाल त्यात कसा ओढला गेलाय. म्हणजे टिल्लू पाण्यात होता तेव्हा बाबा झाडामागे नव्हते, रंगवतच होते.

आत्याला दाखवलं तर तिनं माझं तोंडच दाबलं. म्हणाली, "हे त्याला कळलं तर या घरातून आणखी एक माणूस जाईल." म्हणून तर विकतोय. बाबा खाली कागद-सुतळी आणायला गेलेत. ते मान खाली घालून गुंडाळतील, बघणार नाहीत — तुम्ही विचारलंत तरच बघतील. विचारायचंच असलं तर उन्हाचं विचारा, गवताचं विचारा, आणि बघितलंच त्यांनी तिकडे, तर पटकन म्हणा, हे कमळ किती—

हो बाबा, आले. धरते सुतळीचं टोक.