दोन सह्यांचं खातं

नाही, तो फोन राहू द्या पर्समध्ये, वाजू दे — बँकेचाच मेसेज असणार, मघाशी वाचताना तुमचा चेहरा उतरला त्यावरूनच कळलं मला, दंड कापलाय ना, शिल्लक कमी पडली म्हणून — पुढे बघा, सायकलवाला आहे — आणि मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, कोर्टाचं आटोपलं, सुटले एकदाची. कोर्टातून सुटतो हो आपण, बँकेतून नाही सुटत. क्लच हळू सोडा, हळू — पडली बंद. पडू दे, काही बिघडत नाही, न्यूट्रल करा आणि फिरवा चावी. तर ते कापलेले पैसे परत मिळतात बरं का. मला मिळालेत. सांगते, पण डोळे रस्त्यावर ठेवून ऐकायचं.

आमच्या घटस्फोटात वाटण्या अगदी सोप्या झाल्या. घर सासूबाईंच्या नावावर, म्हणजे तो प्रश्नच मिटला. गाडी मला — हीच, तुम्ही चालवताय ती — आणि गाडीबरोबर तिचे हप्तेही मला. मी तेव्हा दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचे, पगार बेताचा, म्हटलं गाडी आहे, हात बरा आहे, लोकांना शिकवू. फक्त निकाल लागेपर्यंतचे हप्ते नवरा भरणार असं ठरलं होतं. कुठे ठरलं? जिन्यात. लिहून घेतलं का? नाही. हप्ता जायचा आमच्या दोघांच्या खात्यातून, त्यात त्याचा पगार यायचा, आणि मध्येच कधीतरी त्याने पगार वळवला दुसऱ्या बँकेत. मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही — आम्ही वकिलांमार्फत बोलत होतो, आणि वकील शब्दाशब्दाला पैसे घेतात, त्यामुळे बोलणं आपोआप कमी होतं. डावीकडे वळायचंय, आधी आरसा, मग इंडिकेटर. छान. तर खात्यात पैसे नाहीत, हप्ता गेला परत. त्याचा दंड. दंडामुळे शिल्लक कमी, म्हणून आणखी दंड, असे चार महिने, आणि मला पत्ताच नाही, कारण मेसेज जायचे त्याच्या फोनवर. मला कळलं कधी? गाडी उचलून नेऊ असं पत्र आलं तेव्हा. बहिणीकडून उसने घेतले, थकलेलं सगळं भरलं, गाडी वाचवली. पण पुढेही तेच — हप्ता पाच तारखेला, आणि तुम्ही मंडळी फी देणार दहा तारखेनंतर, हो, तुम्हीसुद्धा, मी बोलत नाही ती गोष्ट वेगळी — म्हणून आणखी चार वेळा. एकूण आठ वेळा.

बँकेत गेले तर खिडकीवरचा म्हणतो, मॅडम, नियम आहे. मी म्हटलं नियम आहे तर आहे, आणि आले घरी, रडले, भांडी घासली. आणि मग माझ्याकडे शिकायला आल्या बँकवाल्या मावशी. बासष्ट वर्षांच्या, नोकरीतून निवृत्त, जन्मभर नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसल्या, आता म्हणे स्वतः चालवणार. गिअर असा टाकायच्या की दार बंद करतायत. त्यांना सांगितलं मी हे सगळं, असंच, तुम्हाला सांगतेय तसं. त्या म्हणाल्या, अर्ज कर. घटस्फोटामुळे आर्थिक अडचण आली, म्हणून लागलेले दंड परत द्यावेत, असा साधा अर्ज. बँकेला ते द्यायचा अधिकार असतो, पण मागितल्याशिवाय देत नाहीत.

मी त्या रात्री बसून चार पानं लिहिली. लग्नातल्या मानपानापासून सुरुवात केली होती. मावशींनी दुसऱ्या दिवशी गाडीतच वाचली, लाल पेन काढलं आणि एकेक परिच्छेद उडवत गेल्या — सासूबाई गेल्या, त्याचं ते तीन-तीन दिवस न बोलणं गेलं, माझा वाढदिवस विसरला तो तर आडवी फुली मारून घालवला. म्हणाल्या, बाळ, बँकेला तुझा नवरा नकोय, तारखा हव्यात. कधी वेगळे झालात, त्याचा पगार खात्यात यायचा कधी थांबला, तुझी कमाई किती, भाडं किती, दंड कधी कधी लागला. निकालाची प्रत जोड. दया मागू नकोस, दंड परत माग आणि हप्त्याची तारीख बदलून माग. चार पानांचं अर्धं पान झालं. वाचलं तर काय, इतकंसंच घडलं होतं की काय असं वाटलं मला. ब्रेक. ब्रेक — दाबला मी माझ्या बाजूचा, घाबरू नका, मांजर गेलं.

तर व्यवस्थापकांनी अर्ज वाचला, बाई बऱ्या होत्या, म्हणाल्या, खातं दोघांचं आहे, सह्या दोघांच्या लागतील. म्हणजे त्याला फोन करणं आलं. दोन दिवस मनाशी वाक्यं जुळवली, आणि फोनवर तो नुसतं म्हणाला, किती वाजता येऊ. आला. टोकन घेऊन बसलो शेजारी शेजारी, आमच्या पुढे एकोणीस माणसं. मी अर्ज त्याच्या हातात दिला. वाचला, परत वाचला. म्हणाला, मेसेज मला यायचे, मला वाटलं तुलाही येत असतील, वाटलं तू मुद्दाम भरत नाहीयेस. मी म्हटलं, मला वाटलं तू मुद्दाम. मग पेन मागितलं त्याने आणि खाली स्वतःच लिहिलं — या खात्यात येणारा पगार मी बंद केला, पत्नीला कळवलं नव्हतं, चूक माझी. मग 'पत्नी'च्या आधी 'माजी' घातलं, बारीक अक्षरात, मावत नव्हतं तिथे. शर्टाचं एक बटण नव्हतं त्याच्या. एकोणीस माणसं होईपर्यंत बोलत बसलो आम्ही, बहिणीचं, त्याच्या गुडघ्याचं, दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांची नक्कल करून दाखवली मी, हसला. तीन वर्षांत एवढं बोललो नव्हतो.

आठातले सहा वेळचे दंड परत आले. हप्त्याची तारीख बारा झाली, आणि कापतात आता माझ्या एकटीच्या खात्यातून. म्हणून सांगते, तुम्हीही करा अर्ज, मी देते अर्धं पान कसं लिहायचं ते.

काय? ते दोघांचं खातं — नाही, बंद नाही केलं अजून. करायचंय. त्यासाठीही दोघांना जायला लागतं ना. त्याला गुरुवार जमत नाही, मला सोमवार, मग मध्ये सुट्ट्या आल्या. सहाएक महिने झाले असतील. दंड नाही लागत त्यात, नाही — दर एक तारखेला तो थोडे पैसे टाकतो, शिल्लक राहील एवढेच. मी सांगितलं नव्हतं. आणि पंधराला मी टाकते थोडे. त्यानेही विचारलेलं नाही. आता माझाही नंबर दिलाय, मेसेज दोघांनाही येतात ना, एकाच वेळी, तर तेवढंच कळतं की, म्हणजे —

माझ्याकडे काय बघताय, रस्ता तिकडे आहे. घ्या, बाजूला घ्या इथेच, क्लच, ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक ओढा. झाला तुमचा तास. पर्स घ्या. उतरा, पुढचे उभे आहेत केव्हाचे.