धरणाची माती आणि आईचा कढीपत्ता

अरे, माती तपासणं हे माझं काम, पण एकदा आईनेच माझी वाट लावली. धरणाच्या भरावासाठी आलेल्या मातीचा नमुना मी शुक्रवारी नाहूरला घरी आणून ठेवला. सोमवारी बघतो तर पिशवी रिकामी! आईने माती कढीपत्त्याच्या कुंडीत भरलेली.

मी ओरडलो, "आई, त्यातून पाणी झिरपतं का, हे तपासायचं होतं गं!"

ती माझ्यावरच तापली. "मेल्या, कसली ही माती हाडलंस? शनिवारी घातलेला पाणी अजून वरच रवला हा. माझो कढीपत्तो कुजतलो!"

पाणी अडवणारीच माती तर आम्हाला हवी होती! तरी नवा नमुना मागवला. लॅबने आठवडाभर तपासून रिपोर्टात आईचंच म्हणणं लिहिलं, फक्त 'मेल्या' वगळून.